घरच्या बॅकअपला पोर्टेबल पॉवर स्टेशन : 40 हजारांत सोय की हौस?

पडवीवाला :

आई-बाबा गावी, दापोली तालुक्यात, केळशीच्या अलीकडे. बाबा 76, आई 71. मी पुण्यात. मे संपत आला की गणपतीपर्यंत लाइटचा काही भरवसा नाही. कुठेतरी फांदी तारेवर पडते, डीपीवरचा डिओ (खांबावरचा फ्यूज) उडतो, वायरमन एक आणि गावं दहा. तीन-चार तास धरूनच चालायचे, आणि वर्षातून पाच-सहा वेळा अख्खी रात्र जाते. निसर्ग वादळाचं (3 जून 2020) सोडून देतो. तेव्हा आमच्या वाडीत लाइट यायला 23 दिवस लागले, त्यावर कुठल्याच बॅटरीचा इलाज नाही.

आतापर्यंत इन्व्हर्टर होता. बॅटरीतलं पाणी बघायचं राहून गेलं, प्लेटा उघड्या पडल्या, बॅटरी मेली. बाबांना वाकून टोपणं उघडणं जमत नाही, आणि आईला ते ॲसिडचं प्रकरण घरात नकोच आहे. म्हणून यंदा पोर्टेबल पॉवर स्टेशन घ्यायचं मनात आहे, म्हणजे बॅटरी आणि इन्व्हर्टर एकातच असलेला, उचलून नेता येणारा डबा. 500 वॉट-अवरचा (अर्धा युनिट वीज मावणारा), एलएफपी म्हणजे लिथियमच्या एका प्रकारच्या बॅटरीचा डबा मला 34 हजारांना सांगितलाय. वायरिंगला हात नाही, पाणी नाही. एरवी प्लगला लावून ठेवायचा, लाइट गेली की पंखा-दिवा त्यात खुपसायचा.

माझं मत : म्हाताऱ्या माणसांच्या घरात यापुढे शिशाची बॅटरी ठेवणं हा मूर्खपणा आहे. पटत नसेल तर बोला. बजेट 40 हजार, एक रुपया वर नाही.

जुना वायरमन :

बोलतो. 28 वर्षं इन्व्हर्टर बसवतोय, तेव्हा माझं मत दुकानदाराचं समजून वाचा, पण आकडे आकडेच असतात. 150 एएचची (अँपिअर-अवर) ट्यूब्युलर, म्हणजे शिशाचीच बॅटरी, 12 व्होल्ट, म्हणजे कागदावर 1800 वॉट-अवर. कागद बाजूला ठेवा. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते आणि इन्व्हर्टर स्वतःही खातो, तरी हातात 1100 च्या आसपास येतात. बॅटरी 15 हजार, साइन वेव्ह इन्व्हर्टर 7 हजार. एकूण 22. 2025 च्या सप्टेंबरपासून या बॅटरीवरचा जीएसटीही 28 वरून 18 टक्क्यांवर आलाय.

तुमचा डबा 34 हजारांत 500 म्हणतो, देणार 425. म्हणजे दीडपट पैसे टाकून निम्म्याहून कमी वीज. आणि पाण्याचं म्हणाल तर सहा महिन्यांतून एकदा माणूस येऊन घालून जातो, दीडशे-दोनशे रुपये घेतो. तुम्ही माणूस बोलावला नाही म्हणून बॅटरी मेली. मूर्खपणा शिशाचा नाही हो.

ठाण्याची भाडेकरू :

काका, सगळ्यांची घरं स्वतःची नसतात. मी सहा वर्षांत तीन घरं बदलली. पहिल्या मालकांनी इन्व्हर्टरसाठी बोर्ड उघडायला नाही म्हटलं, दुसऱ्यांच्या घरी बॅटरी ठेवायला गॅलरीच नव्हती. 12 ऑक्टोबर 2020 ला मुंबई-ठाण्याची लाइट गेली तेव्हा मी ऑफिसच्या कॉलवर होते, लॅपटॉपची बॅटरी 12 टक्के. त्यानंतर डबा घेतला. लॅपटॉप, राउटर, एक दिवा मिळून 80 वॉट. साडेचार-पाच तास आरामात. घर बदलताना रिक्षात मांडीवर घेऊन गेले. तुमची 55 किलोची ट्यूब्युलर मांडीवर घेऊन दाखवा.

जुना वायरमन :

मांडीवर बॅटरी घ्यायची वेळ ज्याच्यावर आहे त्याने डबा घ्यावा, माझी ना नाही. पण हा चर्चेचा धागा केळशीच्या घराचा आहे. ते घर काही रिक्षात जाणार नाही.

बाजारपेठेतला :

घर जात नाही, पाणी घरात येतं. चिपळूण, 22 जुलै 2021. आमचा इन्व्हर्टर जिन्याखाली होता. पहाटे पाणी उंबऱ्याशी, आणि थोड्या वेळात बॅटरी दिसेनाशी. नंतर चिखलातून काढली तेव्हा टोपणांच्या भोकांतून गाळ आत गेलेला. बॅटरी, इन्व्हर्टर, फ्रीज, सगळं एका हातगाडीवर भंगारात. डबा असता तर माळ्यावर नेला असता आणि पुढचे दोन दिवस निदान मोबाईल चालू राहिले असते. पोर्टेबल या शब्दाला मी तरी पैसे देईन.

खवट काजू :

त्या पहाटे तुम्ही माळ्यावर काय नेलंत ते आठवा. माणसं, आणि जमलं तर कागदपत्रं. पाणी चढताना डब्याची आठवण झाली असती म्हणताय, मला शंका आहे.

बाजारपेठेतला :

आईला आणि गॅस सिलिंडरला नेलं. बरोबर आहे तुमचं. पण सिलिंडर नेला ना? तो डब्यापेक्षा जड असतो.

हिशेबी :

दोन्ही बाजू भावनेच्या भरात आहेत, म्हणून थोडं पाणी ओततो (डिस्टिल्ड).

डबा घेणाऱ्यांनी आधी हे बघा. स्वस्त डब्यावर "80,000 एमएएच" असं मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. तो आकडा आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचा. 80 गुणिले 3.7, म्हणजे 296 वॉट-अवर. 500 च्या डब्याशी तुलना करताना लोक इथेच फसतात. दुसरं, "1000 वॉट" हे बऱ्याचदा क्षणभराचं असतं, सलग मिळतात 500. मिक्सर लावला की डबा गप्प.

तिसरी गोष्ट कुणी सांगत नाही. एसी सॉकेट (घरच्या पिना बसतात ते) चालू ठेवलं की डबा स्वतःच 10 वॉटच्या आसपास खात बसतो. दहा तासांचे 100. म्हणजे 500 मधला पाचवा हिस्सा काहीही न करता गेला. राउटर 12 व्होल्टचा असेल तर तो डीसीच्या भोकातूनच चालवावा.

आता इन्व्हर्टरवाल्यांकडे. लाइट असतानाही तो बॅटरी भरलेली ठेवायला वीज घेत राहतो. 15 वॉट धरले तरी महिन्याला 10-11 युनिट. हे कुठल्याच दुकानात सांगत नाहीत, काय काका?

"एलएफपी 3000 सायकल" यानेही हुरळून जाऊ नका. सायकल म्हणजे एकदा भरून एकदा रिकामी करणं. रोज एक धरली तरी 8 वर्षं होतात. पडवीवाल्यांच्या गावात अख्खी रात्र लाइट वर्षाला पाच-सहा वेळा जाते. 3000 सायकली संपवायला त्यांना पणतू लागेल. डबा त्याआधी मरेल तो आतल्या सर्किटने.

आणि मधला मार्ग आहेच की : लिथियमचा इन्व्हर्टर. भिंतीवर लागतो, पाणी नाही, आपोआप चालू होतो. 12.8 व्होल्ट, 100 एएच म्हणजे 1280 वॉट-अवर.

पडवीवाला :

विचारला होता. बसवण्यासकट 42 सांगितले. एक रुपया वर नाही म्हटलंय, इथे दोन हजार आहेत.

जुना वायरमन :

त्या 15 वॉटचं खरं आहे. विचारलं तर सांगतो. कुणी विचारत नाही.

ह्यूस्टनकर :

इकडे टेक्सासात आम्ही डबाच वापरतो. भारतात घरोघरी इन्व्हर्टर-बॅटरी असते हे इथल्या शेजाऱ्यांना सांगितलं तर त्यांना नवल वाटतं. जुलै 2024 मध्ये बेरिल वादळात ह्यूस्टन भागात 20 लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, आमच्याकडे चार दिवस नव्हती. 1000 वॉट-अवरच्या डब्यावर फ्रीज तासभर चालू, तीन तास बंद असा चालवला आणि दुपारी गाडीतून डबा भरला. गाडीच्या 12 व्होल्टच्या सॉकेटातून 100 वॉटच्या आसपासच येतात, दहा तास इंजिन कोण चालू ठेवणार? पण काहीच नसण्यापेक्षा बरं. शेजारच्याचा जनरेटर दणदणीत होता, पण त्याला पेट्रोलसाठी रांग लावायला लागली, आणि त्याचा धूर खिडकीतून आत येऊ नये म्हणून आम्हीच खिडक्या लावून उकडत बसलो.

एक सावधगिरी, कारण दरवर्षी कुणीतरी विचारतंच : "येताना एक डबा घेऊन ये ना." नाही येत. इकडच्या डब्यातून 120 व्होल्ट निघतात, तुमचे पंखे 230 चे. आणि विमानात साधारण 100 वॉट-अवरपर्यंतची बॅटरी चालते, 160 पर्यंत एअरलाइनची परवानगी लागते, त्यापुढे प्रवाशाला नेताच येत नाही.

वाडीवरची :

मी डबा वापरतेय, सावंतवाडीजवळ, दुसरं वर्ष. खरेदीआधी कुणी सांगितलं नाही ते सांगते. रात्री फक्त 5 वॉटचा दिवा लावून झोपले, सासूबाई उठतात म्हणून. दीड वाजता अंधार. डबा अर्ध्याहून जास्त भरलेला, तरी बंद. एवढा कमी लोड असला की त्याला वाटतं काहीच लावलेलं नाही आणि तो एसी बंद करतो! सेटिंगमध्ये जाऊन ते काढावं लागतं, आणि सेटिंग मोबाईलच्या ॲपमध्ये. सासूबाईंनी ॲप उघडायचं का?

आणि एकदा चार्जिंग बंद पडलं तेव्हा कंपनी म्हणाली पाठवा. कुरियरवाला म्हणाला, लिथियम घेत नाही. तीन आठवडे डबा कोनाड्यात देवासारखा बसून होता. शेवटी दिरांनी गाडीने गोव्याला नेऊन दिला. शिशाची बॅटरी बिघडली तर बाजारातला कुठलाही माणूस बघतो, आणि मेली तरी भंगारात तिचे पैसे येतात.

तरी परत डबाच घेईन. पंखा घूं घूं करत नाही आणि बॅटरीच्या गॅसचा वास नाही. पण ऐन काळोखात म्हाताऱ्या माणसाने उठून वायर खुपसायची, हे काही मला पटलेलं नाही.

खवट काजू :

एवढी चर्चा कशाला? 12 व्होल्टचा राउटर यूपीएस दीड हजारात, लाइट गेली की आपोआप पेटणारे बल्ब तीनशेला एक. चार बल्ब, एक यूपीएस, एक चार्जिंगचा पंखा. पाच-सहा हजारांत काम. उरलेल्या पैशांत गावाला चार खेपा जास्त मारा. आई-बाबांना तोच बॅकअप हवा असतो.

पडवीवाला :

चार्जिंगचा पंखा होता. दोन पावसाळ्यांत बॅटरी गेली, आता त्यावर कपडे वाळतात. खेपांचं मात्र मनाला लागलं.

हिशेबींचं वाचून एक उद्योग केला. बाबांना रात्री फोन करून मीटरसमोर उभं केलं. त्यावर लाल दिवा लुकलुकतो आणि 3200 असा आकडा लिहिलेला आहे, म्हणजे 3200 लुकलुकींना एक युनिट. फ्रीज बंद करून, रोज रात्री लागतं तेवढंच चालू ठेवून त्यांनी घड्याळ लावून मोजलं : मिनिटाला 11. म्हणजे 206 वॉट. दोन जुने सिलिंग फॅन, एक चोकवाली ट्यूब, राउटर. या लोडवर डबा दोन तास. काका, तुमची बॅटरी सव्वापाच.

तेच पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) घेतले आणि दिवे एलईडी, तर 88 वॉट होतात. डबा पावणेपाच तास, रात्री एकच पंखा ठेवला तर आठच्या पुढे. दोन पंखे 6 हजार. 40 वजा 6, बरोबर 34. डब्याची किंमत! देवानेच हिशोब जुळवून दिला.

जुना वायरमन :

देवाला वायरिंग येत नाही. सिलिंग फॅनची वायर डब्यात खुपसणार कशी?

पडवीवाला :

हं. बाबा म्हणाले, डब्यातून घराच्या सॉकेटात एक वायर दिली की सगळंच चालू होईल. मेन स्विच पाडून.

जुना वायरमन :

थांबा. दोन्हीकडे पिना असलेली वायर ना? हे वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगतो, ती वायर घरात बनवू नका. एक टोक डब्यात, दुसरं टोक हातात, त्या उघड्या पिनांवर 230 व्होल्ट. आणि मेन पाडायला एकदा, फक्त एकदा विसरलात, की डब्याची वीज उलटी जाते लाइनवर. खांबावर कोण असतो? डिओ टाकायला चढलेला पोरगा. लाइन बंद आहे अशा समजुतीने चढलेला. माझ्याबरोबरचा एक जण असाच जनरेटरच्या वायरीने खाली आला. वाचला, पण डाव्या हाताची दोन बोटं आजही वळत नाहीत. बाबांना माझा निरोप द्या : डबा घ्या, इन्व्हर्टर घ्या, कंदील घ्या, पण ती वायर नाही.

पडवीवाला :

बाबांना हे वाचून दाखवलं. गप्प झाले. मग म्हणाले, त्या पोराला आपण दर वेळी चहा देतो.

सिलिंग फॅन रद्द. बीएलडीसीचाच टेबलफॅन एक, 35 वॉट, पिनवाला. बल्ब खवट काजूंचे, आपोआप पेटणारे, चार. म्हणजे काळोखात उठायची घाई नाही, आधी उजेड आणि मग पंखा. डबा अजून नक्की नाही. आईला हवाय, बाबा आता इन्व्हर्टरकडे झुकलेत, पाण्याला माणूस मिळणार असेल तर. घरातही धागा सुरू झालाय.

जुना वायरमन :

डब्याचं वजन किती?

पडवीवाला :

सात किलो.

जुना वायरमन :

मग आईंना सात किलो तांदळाची पिशवी खाटेपासून पडवीपर्यंत न्यायला सांगा. नेली तर घ्या डबा, मी काही बोलणार नाही.

पडवीवाला :

नेली. परत आणताना मात्र बाबांना हाक मारली.