मदत हवी आहे: दुसऱ्या भागासाठी चकवा पाहिजे

राजेहो, भुतांचा तपास करणाऱ्या दोन रिकामटेकड्यांवरच्या माझ्या विनोदी कादंबरीचा दुसरा भाग अडलाय. पहिल्या भागात मध्यरात्री आपोआप सुरू होणारी विहिरीवरची मोटार शेवटी ऑटो स्विचची निघाली. लाईन आली की चालू! यावेळी भूत खरंच हवं. मुंजा पिंपळ सोडत नाही, हडळ फार झाली. म्हणून वाट चुकवणारा चकवा घेतलाय: शेतात जागलीला (रात्रीच्या राखणीला) निघालेला माणूस रात्रभर त्याच पऱ्हाटीभोवती (कपाशीभोवती) फिरतो, पायजम्याला गोखरू, हातात विझलेली बॅटरी. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याला घाबरून मांत्रिक पोलीस पाटलालाच विचारतो, "उतारा टाकू का जी?"

अमरावती-यवतमाळकडच्यांनो, तुमच्या गावात चकवा लागल्यावर काय करतात? वऱ्हाडी संवाद कोणी तपासून देईल का?