पणजोबांच्या फोटोतली गाडी १९०५ची की नाही?

गिरगावकरीण:
आजीच्या ट्रंकेत पणजोबांचा फोटो सापडला, जोडलाय. काळबादेवीच्या एका शेठजींकडे ड्रायव्हर होते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, एक हात मडगार्डवर आणि चेहऱ्यावर भाव असा की गाडी यांच्याच तीर्थरूपांची. घरात कायम ऐकत आलोय की ही १९०५ची, विलायतेहून आलेली गाडी. काल भाचा म्हणाला मावशी ही तर फोर्ड मॉडेल टी, झालं, आजी जेवायला बसेना. तुम्हाला काय वाटतं?

नटबोल्ट:
भाच्याला माझ्याकडून वडापाव. मॉडेल टी बाजारात आली ऑक्टोबर १९०८ मध्ये त्यामुळे १९०५ विसरा. पुढच्या ॲक्सलवर बघा, एकच पाटा (म्हणजे पट्ट्यांची स्प्रिंग) आडवा टाकलाय, या चाकाकडून त्या चाकाकडे. त्या काळातल्या बहुतेक गाड्यांना दोन्ही बाजूंना वेगवेगळे पाटे असायचे. शिवाय रेडिएटर पितळेचा पण हेडलाइट इलेक्ट्रिक, ही जोडी टी मध्ये १९१५-१६लाच सापडते. त्याआधी कार्बाइडचे गॅसदिवे, आणि १९१७च्या मॉडेलपासून रेडिएटरचं कवच काळं.

एक कटिंग:
जुनी गाडी दिसली की म्हणा फोर्ड!! ब्लॅक अँड व्हाइट फोटोत पितळ कुठलं आणि निकेल कुठलं हे कसं कळलं बुवा? आणि स्टिअरिंग उजवीकडे आहे हो, अमेरिकन गाडीला? एकतर फोटो उलटा छापलाय नाहीतर गाडी इंग्लिश.

नटबोल्ट:
उलटा छापला असता तर मागच्या दुकानाची पाटी पण उलटी दिसली असती, झूम करा, 'आणि कंपनी' सरळ वाचता येतंय. साम्राज्यातल्या देशांसाठी फोर्ड कॅनडातून यायच्या, ओंटारिओतल्या वॉकरव्हिलच्या कारखान्यातून, उजव्या स्टिअरिंगच्या. पितळ की निकेल ते सोडा, काळं नाहीये एवढं तर दिसतंय?

एक कटिंग:
कवच वरून चढवता येतं, दिवे बदलता येतात. शेठ लोक हौशी, आणि आज आपण दहा वर्षं जुन्या गाडीला एलईडी बसवतोच की. मग १९१५-१६ कशावरून? पाट्याचं तेवढं मान्य, पाटा कोणी मिरवायला बदलत नाही.

चाळीतला:
वायरींकडे कोणाचंच लक्ष नाही का, डोक्यावरून गेलीय ती ट्रामची तार आहे. मुंबईत १८७४ पासून ट्राम घोडे ओढायचे, विजेची आली ७ मे १९०७ला. म्हणजे १९०५ कटाप. आजीला जिलबी आणून द्या आता.

गिरगावकरीण:
अहो पण फोटो नंतरचा म्हणून गाडी जुनी नसेल असं कुठे आहे? आमच्याकडे २००५च्या फोटोत बाबा प्रीमिअर पद्मिनीला टेकून उभे आहेत, ती काय २००५ची होती?

नटबोल्ट:
हे शंभर टक्के बरोबर ताई, तार फोटोचं वय सांगते, गाडीचं नाही. म्हणून मी पाटा धरून बसलोय. एक करा, आजीला विचारा पणजोबा गाडी चालवण्याबद्दल काही सांगायचे का. टी चालवणं म्हणजे सर्कस, ॲक्सलेटर पायाशी नाहीच, स्टिअरिंगखालच्या दांडीला, आणि खाली तीन पेडल पण कामं भलतीच. कुठली ते मुद्दाम सांगत नाही, आधी आजीकडून येऊ दे.

गिरगावकरीण:
विचारलं. आजी म्हणाली, "मामंजी सांगायचे, मधल्या पायडलवर पाय दिला की गाडी मागे जायची. आम्ही सगळ्या सुना तोंडाला पदर लावून हसायचो, म्हटलं थापा मारतायत."

नटबोल्ट:
मधलं पेडल रिव्हर्सचंच!! डावं गिअरचं, उजवं ब्रेकचं. आजींना साष्टांग नमस्कार.

एक कटिंग:
बरं बाबा, फोर्ड. पण १९१५-१६ अजून मान्य नाही हं.

गिरगावकरीण:
आजीलाही नाही. ती म्हणते फोर्ड तर फोर्ड, पण १९०५चीच.