सुई टोचण्याआधीचं बधिर करणारं क्रीम नीट मुरावं म्हणून काय करावं?

अबोली
मुलगा सात वर्षांचा, थॅलेसेमिया मेजर. दर तीन आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. सुईआधी लिडोकेन-प्रिलोकेनचं क्रीम लावतात, पण वॉर्डात गेल्यावर थोडंसं चोळतात आणि पंधरा-वीस मिनिटांत सुई. फार कळवळतो हो. आता ट्यूब दिसली तरी हात पाठीमागे लपवतो. हातावर आधी गरम पाण्याची पिशवी धरली तर औषध लवकर मुरेल का?

शिरीष_फार्मा
ताई, पिशवी अजिबात नको. शेकल्यावर औषध किती आत गेलं याचा अंदाज राहत नाही, आणि बधिर कातडीला चटका बसलेलाही कळत नाही.

चोळूनही उपयोग नाही. त्वचेचा अगदी वरचा, मृत पेशींचा थर जेमतेम 10 ते 20 मायक्रॉनचा, पण औषध अडवतो तोच. तो भिजून फुगला की वाट देतो. म्हणून क्रीम न पसरता जाड थर ठेवा आणि वरून पारदर्शक चिकट ड्रेसिंगने चारही कडा बंद करा. त्वचेतला ओलावा आतच कोंडतो, काम तो करतो. किमान 60 मिनिटं हवीतच. तासाभरात बधिरपणा साधारण 3 मिलिमीटर खोल जातो, दोन तासांत 5. पंधरा मिनिटांत त्याला दुखणारच!

या क्रीमची युक्ती मला फार आवडते. दोन्ही औषधं सुटी असताना घन असतात, सारख्या प्रमाणात मिसळली की खोलीच्या तापमानालाच तेलासारखी पातळ होतात. त्यामुळे थेंबात औषध दाट राहतं आणि प्रत्येकी फक्त 2.5 टक्के असूनही आत शिरतं.

रानवाटा
आमच्या लेकीचं असंच चालतं. घरूनच लावून निघतो, पट्टीवर पेनाने वेळ लिहितो. एक शीर हुकली तर म्हणून सिस्टरना विचारून दोन जागा ठरवल्यात. एकूण किती क्रीम चालेल ते मात्र वजनावर असतं, डॉक्टरांकडून लिहून घ्या. आणि कातडी पांढुरकी पडून शीर दिसेनाशी झाली तर घाबरू नका. पुसून थोडं थांबलं की दिसते.

अबोली
खूप आभार दोघांचे. पुढच्या वेळी घरूनच लावते. धाकटी पाच महिन्यांची आहे, तिच्या लसीआधी हेच लावू का?

शिरीष_फार्मा
डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. प्रिलोकेनमुळे तान्ह्या बाळांच्या हिमोग्लोबिनची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी होऊ शकते, ओठ निळसर पडतात. सल्फाची औषधं चालू असतील तर धोका वाढतो. शिवाय बऱ्याच लसींची सुई स्नायूत जाते, तिथवर हे क्रीम पोचत नाही. टोचताना अंगावर पाजत राहा, त्याने बाळाला खरंच कमी दुखतं.