मदत हवी आहे: उडीच्या आपटीपासून आरसी (रिमोटवर चालणाऱ्या) गाडीची मोटर कशी वाचवायची?

मंडळी, नाशिकमध्ये आरसी गाड्या पळवणारं कोणी आहे का? १/१० ची (खऱ्या गाडीच्या दहाव्या हिश्श्याएवढी) बग्गी आहे, ३६५० (३६ मिमी व्यास, ५० मिमी लांब) ब्रशलेस मोटर. म्हसरूळकडच्या मुरमाड मोकळ्या जागेत भाच्याबरोबर उड्या मारतो.

मोटर पुढून फक्त दोन एम३ स्क्रूंवर धरलेली, मागचा जड भाग अधांतरी. गाडी जोरात आपटली की माउंट (मोटर धरणारा भाग) लवतो, पिनियन (मोटरवरचं छोटं दातेरी चाक) आणि स्पर गिअर (ते फिरवतं ते मोठं चाक) यांमधली फट बदलते आणि स्परचे दात जातात. शाफ्ट अजून सरळ आहे, पण मागचं बेअरिंग खरखरायला लागलंय.

हवेतून खाली येताना थ्रॉटल सोडतोच. चाकं फुल स्पीडने फिरत टेकली की सगळा झटका गिअरवर येतो. स्लिपर क्लचही (जोराचा झटका आला की घसरून गिअर वाचवणारा) थोडा सैल केलाय.

आता मागून आधार द्यायला अंबड एमआयडीसीत कोणाकडून तरी अ‍ॅल्युमिनियमचा क्लॅम्प करून घ्यावा म्हणतो. (थ्रीडी प्रिंटचा पीएलए प्लॅस्टिकचा नको, तापलेल्या मोटरला तो मऊ पडतो.) क्लॅम्प किती आवळायचा? मध्ये रबराची पट्टी घातली तर मोटर जास्त तापेल का? की आधी शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये जाड तेल घालून बघू?

‘मोठी मोटर घ्या’ हा सल्ला कृपया नको, तो दुकानदाराने दिलाय.