बाजारात राबणाऱ्या मुलींसोबत काम करताना – तुमचे अनुभव

डोक्यावर ओझी वाहणाऱ्या, फिरून माल विकणाऱ्या, गाळे झाडणाऱ्या तेरा ते सतरा वर्षांच्या मुली. त्यांच्यासाठी काही करायला गेलात तेव्हा काय जमलं, काय फसलं? फसलेलं आधी लिहा. सुरुवात मी करते.

आम्ही चारला वर्ग ठेवला. पहिल्या दिवशी अकरा जणी, आठवड्याने दोन. एकीला विचारलं तर म्हणाली, "ताई, चारला ट्रक येतो." मजुरी नगावर, ट्रक चुकला की दिवस बुडाला. मग पहाटेची खेप संपल्यावर, पोत्यांच्या थप्पीमागे बसायला लागलो. धडे राहू दिले, आधी हिशेब घेतला. तिने वहीत खेपांच्या रेघा ओढायला सुरुवात केली आणि तिसऱ्याच संध्याकाळी मुकादमाने दोन खेपा कमी मोजल्याचं त्याला दाखवलं. पैसे मिळाले, पण त्याचा वहीवर डोळा बसला. वही तेव्हापासून माझ्या पिशवीत.

*

आमचा अतिशहाणपणा सांगतो. एका मुलीला काम सोडायला लावलं. घरच्यांनी उचल घेतलेली, हे विचारलंच नव्हतं. चार दिवसांनी तिच्या जागी धाकटी बहीण उभी.

*

"सोळाची आहे, चालतं की!" हे मी व्यापाऱ्यांकडून कितीदा ऐकलंय. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1973 च्या करारात कामाचं किमान वय साधारण 15, पण धोक्याच्या कामाला 18. जड ओझी आणि रात्रपाळी धोक्यात मोडतात, हे त्याच संघटनेच्या 1999 च्या शिफारशीत स्पष्ट आहे. तरी नुसता कायदा दाखवून काही होत नाही. आमच्याकडे धाड पडली तेव्हा मुली पांगल्या आणि महिनाभर आम्हालाही टाळत होत्या. विश्वास परत आला तो स्वच्छतागृहाच्या कडीने. कडी नाही म्हणून या मुली दिवसभर पाणीच पीत नसत. आमचे अर्ज फिरत राहिले. शेवटी शेजारच्या गाळ्यावरच्या मावशींनी स्वतः कडी ठोकली.

*

पहिल्या ताईंना विचारायचंय: वही तुमच्याकडे, मग तुम्ही नसता त्या दिवशी?

*

हो, तिथे अडलंच होतं. तोड तिनेच काढली. रेघांचा कागद घडी करून चुंबळीच्या आत ठेवते, वरून टाका घालते. मुकादम स्वतःच रोज ती चुंबळ तिच्या डोक्यावर नीट बसवून देतो.