विषय: व्हिंटेज मोटोक्रॉस – बदललेल्या ट्रॅकसाठी गाडीत काय तपासायचं?

नमस्कार मंडळी,
रविवारच्या रेसचा ट्रॅक नव्याने आखलाय. डबल जंपमधली (लागोपाठच्या दोन उंचवट्यांमधली) दरी भरून सपाट माथ्याचे टेबलटॉप केलेत, वूप्स (ओळीने असलेले छोटे उंचवटे) सपाट केलेत. मागच्या बाजूला लांब सरळ पट्टा आणि त्याला लागून मोठा उतार. गाड्या १९७४ पर्यंतच्या टू-स्ट्रोक. शॉकशिवाय काय बघावं?

---

ताई, शॉकची चिंता आता कमीच. एएचआरएमए या जुन्या गाड्यांच्या रेसच्या अमेरिकन संघटनेच्या नियमाने या वर्गात पुढे ७ आणि मागे ४ इंचच ट्रॅव्हल (चाकाची वर-खाली हालचाल) चालते. दरी भरली हे फार छान केलं, उडी तोकडी पडली तरी चाक समोरच्या चढावर आदळत नाही.

खरी परीक्षा इंजिनाची. पट्ट्यावर थ्रॉटल बराच वेळ पूर्ण उघडा राहणार, म्हणजे सगळं मेन जेटवर (कार्ब्युरेटरमधलं पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल देणारं छिद्र). आखूड वळणांच्या ट्रॅकवर लीन (पेट्रोल कमी देणारा) जेट लपून जातो, इथे पिस्टन धरेल, म्हणजे तापून सिलिंडरमध्ये अडकेल. प्रॅक्टिसला नवा प्लग लावा, पट्ट्यावर फुल थ्रॉटल धरा, मग क्लच दाबून त्याच क्षणी इंजिन बंद करा. प्लगची चिनीमाती चॉकलेटी हवी. पांढरी दिसली तर मेन जेट एक-दोन नंबर मोठा.

उताराचा धोका वेगळा. थ्रॉटल बंद, पण मागचं चाक इंजिनाला जोरात फिरवत असतं. या इंजिनात तेल पेट्रोलमध्ये मिसळलेलं असतं, त्यातूनच येतं, त्यामुळे पेट्रोल थांबलं की तेलही थांबतं. क्लच ओढून मधूनमधून थ्रॉटल द्यायचा.

---

दादा, मग पेट्रोल-तेलाचं ३२:१ ऐवजी २०:१ मिश्रण केलं तर?

---

५ लिटरला १५६ ऐवजी २५० मिली तेल पडेल, पण तेवढ्यावर सोडू नका. तेल वाढलं की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण उलट लीन होतं. आधी प्रमाण ठरवा, मग प्लग बघा.

---

यात एक भर. जेट बदलूनही आयडल (थ्रॉटल सोडल्यावरचा इंजिनाचा वेग) चढाच राहत असेल, थ्रॉटल सोडल्यावर आवाज खाली यायला वेळ लागत असेल, तर क्रँक सील (क्रँकशाफ्टच्या टोकांची रबरी सीलं) बघा. वर्षानुवर्षं उभ्या गाडीत मॅग्नेटोकडचं (ठिणगीची वीज बनवणाऱ्या भागाकडचं) सील कडक होऊन हवा ओढतं. कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्टची तोंडं बंद करून ६ पीएसआय (दाबाचं एकक) हवा भरा, ६ मिनिटं टिकली पाहिजे. सील गळत असताना जेट बदलत बसणं व्यर्थ.

आणि ड्रम ब्रेक. उताराच्या तळाशी वळण आहे, तिथे ते तापून सैल पडणार. लायनर काचेसारखे चकचकीत झाले असतील तर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. ब्रेक लागताना लिव्हर आणि रॉडमधला कोन ९० अंशांच्या पुढे जाता कामा नये, गेला तर जोर वाया जातो. मागच्या ब्रेकच्या टॉर्क रॉडचे (ब्रेक प्लेटला फिरू न देणाऱ्या रॉडचे) बोल्ट आणि स्प्लिट पिन प्रत्येक मोटोनंतर (रेसच्या टप्प्यानंतर) हाताने तपासा. तो रॉड सुटला तर अख्खी ब्रेक प्लेट फिरते आणि चाक जाम होतं. ट्रॅकवर पाणी मारलेलं असेल तर वॉर्म-अपला ब्रेक हलका धरून ड्रम वाळवून घ्या.