चिपवरचं वेव्हगाइड म्हणजे बारीक केलेला फायबरच ना? मग यात शोध नेमका कुठला?

एक्सटीसी_डोंबिवली

नमस्कार मंडळी, मी बीईला आहे, एक्सटीसी, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन. सेमिनारला विषय घेतलाय इंटिग्रेटेड ऑप्टिकल वेव्हगाइड डिव्हायसेस, म्हणजे चिपवर प्रकाशाची वाट असलेली उपकरणं, कम्युनिकेशन आणि सेन्सिंगसाठी. मी स्वतः मागून घेतलाय कारण फायबरचा पेपर मला मनापासून आवडला होता. गाईड सरांनी सांगितलंय की नुसती थिअरी नको, यातले तीन-चार शोध घे आणि प्रत्येकात नवीन काय ते दोन वाक्यांत सांगता आलं पाहिजे. तिथेच अडलंय. पेटंट उघडलं की पहिला क्लेम, म्हणजे हक्क नेमका कशावर ते सांगणारं कलम, पानभर एकच वाक्य, तीनदा वाचूनही हाताला काही लागत नाही.

मला समजलंय ते असं, की फायबरमधे प्रकाश टोटल इंटर्नल रिफ्लेक्शनने, म्हणजे भिंतीवरून पूर्ण परावर्तित होत, आत राहतो आणि वेव्हगाइडमधेही तेच, फक्त चिपवर. मग नवीन काय केलं, लहान केलं एवढंच? दुसरं म्हणजे एकाच प्रकारची चिप डेटा पाठवायलाही आणि रक्त तपासायलाही कशी चालते? आणि असं काही मुंबईत प्रत्यक्ष बघायला मिळतं का, की लॅबमधेच? व्हायवा पुढच्या आठवड्यात आहे, प्लीज सांगा.

स्प्लायसिंग_विक्रोळी

तिसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो, बाकीचं शिकलेली माणसं सांगतील. मी चौदा वर्षं फायबरच्या कामात आहे, कांजूर ते मुलुंड पट्टा. तुला लॅबमधे जायची गरजच नाही, तुझ्या बिल्डिंगच्या जिन्यात किंवा डक्टमधे इंटरनेटवाल्यांचा पांढरा नाहीतर करडा डबा असेल त्यात स्प्लिटर असतो, एका फायबरचा प्रकाश अनेकांत वाटणारा. काडेपेटीतल्या काडीएवढी लांब, जराशी जाड अशी स्टीलची नळी. एका बाजूने एक फायबर आत आणि दुसऱ्या बाजूने आठ रंगांचे आठ बाहेर. लोकांना वाटतं आत फायबर एकमेकांना चिकटवलेत. जुने स्प्लिटर तसे असायचे, दोन फायबर तापवून वितळवून एक केलेले. पण आता एकास आठ, एकास सोळा, एकास बत्तीस हे सगळे पीएलसी (प्लेनर लाइटवेव्ह सर्किट), म्हणजे आत काचेची इवलीशी चिप आणि तिच्यावर प्रकाशाची वाट कोरलेली, एका वाटेच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ, झाडाला फांद्या फुटतात तशी. दर फाट्याला पॉवर अर्धी, म्हणजे ३ डीबी जाते, तीन फाटे म्हणजे ९, आणि मीटरवर दहा-साडेदहा दिसतात. एकास बत्तीसला हिशोबाने १५, प्रत्यक्षात सतराच्या आसपास. याला वीज लागत नाही, पंखा लागत नाही, पावसाळ्यात दमट डक्टमधे वर्षानुवर्षं पडून असतं आणि काम करतं. मला तरी हाच सगळ्यात मोठा शोध वाटतो.

एक प्रसंग सांगतो. मागच्या पावसाळ्यात भांडुपला एका घरात पोराची ऑनलाइन परीक्षा आणि राउटरवर लाल लाइट लुकलुकतेय, आई बिचारी रडायच्या बेतात. स्प्लिटरच्या तोंडाशी प्रकाश मोजायचा मीटर उणे १९ डीबीएम दाखवत होता आणि घरात उणे २९, उण्याचा आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी. उणे २७ च्या खाली गेलं की घरातल्या राउटरला ऐकू येणं बंद होतं. मी लाल लेझरचा पेन लावला आणि दिवा विझवून जिन्याच्या अंधारात बघितलं तर डब्याच्या झाकणापाशी पिगटेलवर, म्हणजे फायबरच्या छोट्या तुकड्यावर, लालभडक ठिपका, आवरणातून बाहेर आलेला. झाकण लावताना कोणीतरी फायबर चिमटीत पकडल्यासारखा दाबला होता, वळण इतकं लहान की प्रकाश तिथूनच बाहेर. मोकळा केला, हाताच्या पंजाएवढा गोल फिरवून ठेवला आणि रीडिंग उणे २० वर आलं. पोरगा पेपरला वेळेत बसला.

पवई_फोटॉनिक्स

विक्रोळीच्या दादांनी जे वळण सांगितलं ना, तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तिथूनच सुरू होतं. मी सिलिकॉन फोटॉनिक्सवर पीएचडी करतेय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साध्या फायबरमधे गाभा आणि भोवतालची काच यांच्या अपवर्तनांकात, म्हणजे प्रकाश किती मंदावतो ते सांगणाऱ्या अंकात, एक टक्काही फरक नसतो, म्हणून प्रकाश सैल धरलेला असतो आणि वळण काही सेंटिमीटरचं ठेवावं लागतं. सिलिकॉनचा अंक ३.४८ आणि त्याच्याभोवतीच्या सिलिकाचा, म्हणजे काचेचा, १.४४. एवढा फरक असला की प्रकाश इतका घट्ट धरला जातो की साधारण ४५० बाय २२० नॅनोमीटरच्या तारेत मावतो आणि ५ मायक्रॉन त्रिज्येचं वळणही निमूट घेतो. म्हणजे त्या वाटेची गोल वळवून बंद केलेली आख्खी रिंग आपल्या एका केसाच्या जाडीत आरामात बसते. बेल लॅब्जच्या स्टुअर्ट मिलर यांनी १९६९ मधे इंटिग्रेटेड ऑप्टिक्स हा शब्द वापरून लेख लिहिला तेव्हा कल्पना हीच होती, टेबलावर पसरलेले आरसे, भिंगं, लेझर सगळं एका तुकड्यावर, टेबलाला धक्का लागला तरी न हलणारं.

आता 'लहान केलं एवढंच का' याचं उत्तर. अगं, लहान केल्याबरोबर नव्या अडचणी उभ्या राहतात, आणि शोध म्हणजे त्या एकेका अडचणीवरचा उपाय. तू पेटंट वाचताना आधी अडचण शोध.

सगळ्यात सुंदर मला प्रकाश आत घालण्याची अडचण वाटते, म्हणून तीच नीट सांगते. फायबरमधला प्रकाशाचा ठिपका जवळजवळ १० मायक्रॉनचा आणि चिपवरची वाट अर्धा मायक्रॉनही रुंद नाही. दादरला फलाटावरची सगळी गर्दी एकाच दारातून आत जायला बघते तसं, बहुतेक बाहेरच राहते. कोणालाही वाटेल की वाटेचं तोंड नरसाळ्यासारखं रुंद करावं. ते करतातही, पण उंची २२० नॅनोमीटरच राहते, मग उपयोग अर्धाच. उपाय निघाला तो बरोब्बर उलटा, टोकाला वाट अजून बारीक करत न्यायची. इतकी बारीक की सिलिकॉनला प्रकाश धरून ठेवता येत नाही आणि तो भोवतालच्या काचेत फुगून मोठा होतो, चारी बाजूंनी, आणि फायबरमधल्या ठिपक्याच्या मापाजवळ येतो. याला इनव्हर्स टेपर म्हणतात. मी पहिल्यांदा सिम्युलेशनमधे ते फुगणं बघितलं तेव्हा रात्री उशिरा मैत्रिणीला उठवून दाखवलं होतं. दुसरी पद्धत ग्रेटिंग कपलरची, वाटेवर बारीक खाचा पाडायच्या म्हणजे प्रकाश वरच्या बाजूने आत-बाहेर करतो आणि चिप कापायच्या आधीच वेफरवर, म्हणजे अनेक चिप असलेल्या चकतीवर, तपासता येते.

बाकीचं भराभर. भिंती जरा खरबरीत राहिल्या की प्रकाश विखुरतो, फायबरमधे किलोमीटरला ०.२ डीबी जातात तिथे या तारेत सेंटिमीटरला दोनेक जातात. सिलिकॉनमधून प्रकाश सहज निघत नाही, त्याच्या इलेक्ट्रॉनच्या रचनेमुळे (इनडायरेक्ट बँडगॅप), म्हणून २००६ मधे इंटेल आणि सांता बार्बराच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यावर इंडियम फॉस्फाइडचा थर चिकटवून लेझर केला. लिथियम नायोबेट या स्फटिकात व्होल्टेज दिलं की अपवर्तनांक लगेच बदलतो, सिलिकॉनमधे तो गुण नाही, पण इलेक्ट्रॉन कमी-जास्त केले की थोडा बदलतो हे सोरेफ आणि बेनेट यांनी १९८७ मधे आकडेमोड करून मांडलं आणि २००४ मधे त्याच तत्त्वावर इंटेलने १ गिगाहर्ट्झच्या वरचा मॉड्युलेटर, म्हणजे प्रकाशावर डेटा चढवणारं उपकरण, करून दाखवला. ऐरोली-महापेला जी डेटा सेंटर आहेत ना, तसल्या ठिकाणी आता सर्व्हर जोडणाऱ्या, विजेचा सिग्नल प्रकाशात आणि प्रकाश परत विजेत बदलणाऱ्या बोटाएवढ्या ट्रान्सीव्हरमधे अशाच चिप असतात.

एक्सटीसी_डोंबिवली

ताई, दादा, खूप खूप आभार, गर्दीचं उदाहरण मी सेमिनारमधे वापरणार! एक शंका. दादांच्या डब्यात प्रकाश बाहेर गळला ती तक्रार झाली. पण सेन्सिंगच्या पेपरमधे लिहिलंय की बाहेर आलेल्या प्रकाशानेच मोजतात. मग सेन्सरमधे मुद्दाम गळती करतात का?

परळ_बायोसेन्सर

प्रश्न फार चांगला आहे, इथे खूप जण घोटाळा करतात. दोन गोष्टी वेगळ्या ठेव. भांडुपच्या वळणावर जो प्रकाश बाहेर गेला तो गेलाच, परत येणार नाही. सेन्सिंगला वापरतात ती इव्हानेसंट फील्ड, ती वाटेला धरूनच चालते, भिंतीच्या बाहेर शंभर-दोनशे नॅनोमीटरपर्यंत तिचं अंग असतं आणि मग विरते. ऊर्जा पुढेच जात राहते. पण तेवढ्या पट्ट्यात कोणी आलं तर तिला कळतं.

म्हणून सेन्सर करताना वाटेवरचं काचेचं पांघरूण एका ठिकाणी काढून टाकतात, खिडकीसारखं. कम्युनिकेशनची चिप असेल तर बाहेरचं काही लागू नये म्हणून तेच पांघरूण जपतात. तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हेच, वाट तीच आणि फरक पांघरुणाचा. त्या उघड्या रिंगवर अँटिबॉडी बसवायच्या, वरून नमुना सोडायचा, हवा तो प्रोटीन येऊन चिकटला की तिथला अपवर्तनांक किंचित बदलतो आणि रिंग ज्या वेव्हलेंग्थला (तरंगलांबीला) घुमते, म्हणजे रेझोनन्स होतो, ती काही पिकोमीटर सरकते. पिकोमीटर म्हणजे मीटरच्या एक लाख कोटीव्या भागाचा हिशोब, आणि तो मोजता येतो.

त्रास कुठे होतो ते अनुभवाने सांगतो. सिलिकॉनची रिंग एका अंशाला ७०-८० पिकोमीटर सरकते. म्हणजे एसीची हवा बदलली तरी सिग्नल, आणि प्रोटीन आलं तरी सिग्नल. एकदा मी तीन दिवस जो सुंदर ग्राफ जमवत होतो तो दुपारी खिडकीतून येणाऱ्या उन्हाचा निघाला. तेव्हापासून शेजारी एक झाकलेली रिंग ठेवल्याशिवाय मी काही मोजत नाही, दोघींचा फरक घ्यायचा म्हणजे तापमान वजा होतं. बरेच जण सिलिकॉन नायट्राइड घेतात, ते तापमानाला कमी हलतं आणि त्यात कमी वेव्हलेंग्थवरही काम करता येतं, कारण १५५० नॅनोमीटरला पाणी स्वतःच प्रकाश खातं आणि रक्त म्हणजे बहुतांशी पाणीच.

सेन्सिंग म्हणजे फक्त बायो नाही हेही लिही. फायबर ऑप्टिक जायरोस्कोप घे, फिरणं मोजणारा, विमानात आणि जहाजात असतो. प्रकाशाचे दोन भाग एकाच गुंडाळीतून उलटसुलट सोडायचे, गुंडाळी फिरली की दोघांच्या पोचण्यात फरक पडतो, हा सान्याकचा परिणाम १९१३ चा. त्यातही मधोमध लिथियम नायोबेटची एक चिप बसते, तिच्यावर वाय आकाराचा फाटा, पोलरायझर (प्रकाशाची एकच दिशा ठेवणारा) आणि फेज मॉड्युलेटर (लहरीचा टप्पा पुढेमागे करणारा) तिन्ही एकत्र.

क्लेमवाचक_वडाळा

मी पेटंट शोधायचं काम करतो. मुंबईचं पेटंट ऑफिस अँटॉप हिललाच आहे, पण तुला जायची गरज नाही, इनपास या सरकारी साइटवर फुकट शोधता येतं. शब्दांनी शोधू नकोस, वर्गाने शोध. चिपवरच्या वेव्हगाइडला जी०२बी ६/१२, मॉड्युलेटरला जी०२एफ १, प्रकाशाने पदार्थ तपासायला जी०१एन २१.

पानभर वाक्याचं गुपित एवढंच, की त्यात आधीचं माहितीतलं आणि नवं दोन्ही एका दमात लिहिलेलं असतं. पेन्सिल घे, 'व्हेअरइन' (ज्यात) हा शब्द दिसला की खूण कर, बऱ्याचदा नवं त्याच्या पुढे असतं. मग वर्णनात अडचण कुठली लिहिलीय ते बघ. ताईंच्या टेपरचं असं होईल: अडचण, फायबर आणि वाट यांच्या मापात तफावत. नवं, टोक रुंद करण्याऐवजी निमुळतं करून प्रकाश फुगवला. झाली दोन वाक्यं.

आणि एक कळकळीने सांगतो. स्वतःला काही नवीन सुचलं असेल तर सेमिनारमधे बोलायच्या आधी अर्ज कर. एकदा जाहीर झालं की नावीन्य गेलं, कायद्यात सवलत आहे ती फार थोड्या बाबतीत. चांगल्या पोरांच्या कल्पना अशा गेलेल्या मी बघितल्यात आणि फार वाईट वाटतं.

एक्सटीसी_डोंबिवली

सगळ्यांचे किती आभार मानू. चार शोध ठरले: स्प्लिटर, इनव्हर्स टेपर, पांघरूण काढलेली रिंग आणि जायरोची चिप. आज आमच्या बिल्डिंगच्या नेटवाल्या दादांबरोबर डबा उघडून बघितला, दुसऱ्या मजल्यावर आहे. एकास आठ निघाला, स्टीलची नळी, निळा, केशरी, हिरवा, चॉकलेटी, करडा, पांढरा, लाल, काळा. आमचं घर हिरव्यावर आहे. चार फोटो काढलेत.

स्प्लायसिंग_विक्रोळी

वा, छान. झाकण लावताना हिरवा कडेला दाबला जात नाही ना ते परत एकदा बघून घे. आणि उघड्या कनेक्टरमधे डोळा लावून कधी बघायचं नाही, १४९० नॅनोमीटरचा प्रकाश दिसत नाही पण असतो.